ड्रमची सांगड आणि पांढरा पट्टा

'सांगड घालणे' हा शब्दप्रयोग आपण रोज करतो. संसाराची आणि नोकरीची सांगड घालतो, शिक्षणाची आणि पोटापाण्याची सांगड घालतो. पण सांगड ही मुळात एक वस्तू होती. नदीवर पूल नव्हता आणि होडी परवडत नव्हती, तेव्हा वाळलेले भोपळे किंवा हलक्या लाकडाचे ओंडके एकमेकांना बांधून माणसे पैलतीर गाठीत. त्या जोडणीला सांगड म्हणत. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला आधी भोपळा बांधीत, मग पत्र्याचा डबा आला, आता प्लास्टिकचा कॅन आहे. वस्तू बदलली, तत्त्व तेच राहिले. आत हवा कोंडलेली पोकळ वस्तू पाण्यात माणसाला वर उचलून धरते.

वाचक बंधू-भगिनींनो, या जुन्या सांगडीची आठवण काढण्याचे कारण पूर हे आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी घेऊन पंचगंगा प्रयाग चिखलीपासून पुढे निघते. कोल्हापुरात तिची उंची राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे पावसाळ्यात आपल्याकडच्या लहान पोरांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये हे पाणी ५५ फुटांपर्यंत आणि त्याच्याही वर गेले. चिखली, आंबेवाडी पाण्याखाली गेली, शहरातल्या सुतारवाड्यातली कुटुंबे बाहेर काढावी लागली, शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे वेढली गेली आणि पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला.

अशा वेळी होडी येते. कधी सरकारी, कधी शेजारच्या गावाची. एखाद्या ठिकाणी गुऱ्हाळाची काहीलही पाण्यात सोडतात. पण होडी येणे ही अर्धीच गोष्ट आहे. म्हातारी आजी, बाळंतीण, तापाने फणफणलेले पोर, पायाने अधू असलेला माणूस यांनी त्या हलत्या होडीत चढायचे कुठून? घराच्या बुडालेल्या पायरीवरून, कंपाउंडच्या भिंतीवरून, नाहीतर पत्र्यावरून. पायाखाली शेवाळ आणि गाळ, वरून पाऊस. एकजण उडी मारतो, होडी कलते, दुसरा घाबरून त्याच बाजूला झुकतो. पुष्कळदा धोका नदीच्या मध्यावर सुरू होत नाही, तो काठालाच सुरू होतो.

यावर एक साधा उपाय आहे. प्लास्टिकचे रिकामे ड्रम आणि लाकडी फळ्या यांपासून वस्तीतल्या पोरांना करता येईल असा तरंगता धक्का. एस. टी. स्टँडवर जसा फलाट, तसा हा पाण्यावरचा फलाट. सिमेंटचा घाट पुरात बुडून जातो. हा धक्का पाण्याबरोबर वर येतो आणि पाण्याबरोबर खाली जातो. होडी त्याला येऊन टेकते आणि माणूस सपाट फळीवरून चालत होडीत बसतो. हे काही नवलाचे यंत्र नव्हे. उत्तर भारतात गंगेवर पोकळ पिंपांचे पूल वर्षानुवर्षे बांधतात. त्यांना तिकडे पीपा पूल म्हणतात. २०२५ च्या प्रयागराजच्या कुंभमेळ्यात असे ३० पूल टाकले होते. आपल्या ड्रमच्या धक्क्याचे आणि त्या पुलांचे शास्त्र एकच आहे.

मात्र हे काम हातोडीने सुरू होत नाही, हिशेबाने सुरू होते. आम्ही कारकून माणसे. जमा आणि नावे या दोन बाजू मांडल्याशिवाय आमचे पान हलत नाही. तेव्हा हा हिशेबही तसाच मांडू.

जमा बाजू. बाजारात मिळणारा निळा मोठा ड्रम २०० लिटरचा असतो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. ड्रम पूर्ण बुडाला तर तो २०० लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणून पाणी त्याला सुमारे २०० किलोंच्या जोराने वर ढकलते. आर्किमिडीजचा हा नियम शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात असतो. घरातल्या नववी-दहावीच्या मुलामुलींकडून तो समजून घ्या. असे सहा ड्रम घेतले तर जमा १२०० किलो.

हा आकडा ऐकला की पोरे लगेच म्हणतात, 'साठ किलोचा माणूस धरला तर वीस माणसे उभी राहतील!' इथेच घात होतो. नावे बाजू अजून मांडलेलीच नाही.

नावे बाजू. सहा ड्रमचे स्वतःचे वजन ५० ते ५५ किलो. दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद सांगाडा, त्यावर एक इंच जाडीच्या फळ्या, असे धरले तर सुमारे नऊ घनफूट लाकूड लागते. भिजलेले लाकूड जड होते, म्हणून ते दोनशे किलोंच्या वरच धरावे. बोल्ट, दोऱ्या, टायर यांचे वीस किलो. अशी बेरीज २९० किलोंच्या आसपास जाते.

आता तिसरी बाब, गंगाजळीची. शहाणा माणूस बँकेतले सगळे पैसे काढीत नाही. तसेच ड्रमची सगळी ताकद वापरायची नाही. ड्रम निम्माच बुडू द्यायचा आणि उरलेला निम्मा पाण्याच्या वर ठेवायचा. म्हणजे १२०० पैकी ६०० किलोच खर्चाला मोकळे. त्यातून २९० वजा केले की शिल्लक ३१० किलो. याचा अर्थ माणसे पाच. वीस नव्हेत, पाचच.

निम्मी ताकद राखून ठेवायची ती कशासाठी? होडी आली की सगळी माणसे होडीच्या बाजूला सरकतात, त्यासाठी. आपल्या धक्क्याच्या दोन्ही लांब कडांखाली तीन-तीन ड्रम आहेत. एका कडेची पूर्ण ताकद ६०० किलो. धक्क्याचे निम्मे वजन, म्हणजे सुमारे १४५ किलो, त्या कडेवर आधीच आहे. पाच माणसे त्या कडेला आली तर भार ४४५ होतो आणि कड पाण्याच्या वर राहते. आठ माणसे आली तर सुमारे ६२५ होतो आणि कड पाण्यात जाते. एकदा कड गेली की पाय घसरतो, घसरलेला माणूस शेजारच्याला धरतो, आणि पुढचे सांगायला नको. म्हशीला वाचवायची माया आपल्या सगळ्यांना आहे, पण एक म्हैस म्हणजे सहा-सात माणसांचे वजन, आणि तीही एका जागी उभी न राहणारी. या धक्क्यावर जनावर चढवायचे नाही. जनावरे पाणी चढण्याच्या आधी उंचावर न्यायची.

माणसे जास्त असतील तर ड्रम वाढवावेत, सांगाडा त्या मानाने मोठा करावा आणि हिशेब पुन्हा मांडावा. अंदाजपंचे ड्रम जोडू नयेत.

आता बांधणीकडे वळू. ड्रम बंद तोंडाचा, दोन बुचांचा घ्यावा. सबंध झाकण निघणारा ड्रम धान्याला चांगला, पाण्यावर नको. भंगारवाल्याकडून घेताना आत पूर्वी काय होते ते विचारावे. रसायनाचा ड्रम नीट धुतल्याशिवाय आणू नये आणि त्याच्याजवळ बिडी-काडी किंवा वेल्डिंग करू नये. दोन्ही बुचांना रबरी वॉशर घालावा, टेफ्लॉनची पट्टी गुंडाळावी आणि घट्ट आवळावे. मग ड्रम उन्हात ठेवावा. आतली हवा तापून फुगली की जोडावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा दिसला तर तो ड्रम बाजूला काढावा. एक गळका ड्रम साऱ्या धक्क्याला तिरका करतो.

लाकूड नवे घेण्याचे कारण नाही. मोडलेल्या घराचे वासे, सेंट्रिंगच्या फळ्या चालतात. मात्र वाळवी लागलेले आणि टोचले असता पोचट लागणारे लाकूड घेऊ नये. चार इंच बाय दोन इंचाचे दहा फुटी चार वासे लांबीला, त्यांवर सहा फुटी पाच आडवे. प्रत्येक ड्रम दोन लांब वाशांच्या मधोमध बसला पाहिजे, म्हणजे तो आडवा सरकणार नाही. सांध्यांना नुसते खिळे ठोकू नयेत. पाणी हेलकावे देते तसे खिळे वर येतात आणि पायात घुसतात. नट-बोल्ट आणि रुंद वॉशर वापरावेत. ड्रमला एकही भोक पाडायचे नाही. प्रत्येक ड्रमला जाड नायलॉन दोरीचे दोन वेढे द्यावेत आणि ते वाशाला आवळावेत. फळ्यांच्या मध्ये अर्धा बोट फट ठेवावी, म्हणजे पाणी निचरते. रंग ओला असताना फळ्यांवर बारीक वाळू टाकली तर पाय घसरत नाही. इंजिनचे जुने तेल फासू नये, ते निसरडेही असते आणि शेवटी नदीतच जाते. तीन बाजूंना कमरेइतके खांब उभारून दोरीचा कठडा करावा. होडी लागते त्या चौथ्या बाजूला मोटारसायकलचे जुने टायर बांधावेत.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. प्रत्येक ड्रमच्या तोंडावर, बरोबर निम्म्या उंचीवर, पांढऱ्या रंगाचा आडवा पट्टा मारावा. पट्टा पाण्याला टेकला की आणखी एकही माणूस वर घ्यायचा नाही.

या पट्ट्याचा इतिहास कष्टकऱ्यांनी जाणून घेण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचे जहाजमालक जहाजात वाटेल तितका माल भरीत. जहाज बुडाले तर मालकाला विम्याचे पैसे मिळत, खलाशाच्या घरात मात्र अंधार होई. सॅम्युअल प्लिमसोल नावाच्या खासदाराने याविरुद्ध पार्लमेंटात झगडा केला. १८७६ च्या कायद्याने प्रत्येक जहाजाच्या अंगावर भाराची रेषा काढणे सक्तीचे झाले. पण रेषा कुठे काढायची ते मालकाच्याच मर्जीवर ठेवले होते! ती जागा कायद्याने ठरवून द्यायला १८९० साल उजाडले. आजही जहाजावरच्या त्या खुणेला प्लिमसोलचे नाव आहे. यातून आपण एक धडा घ्यावा. पट्टा कोरड्या दिवसात, शांत डोक्याने, सर्वांसमोर मारावा. पुराच्या दिवशी गर्दीत पट्टा ठरवायला बसले की तो वर सरकतोच.

ही भीती आम्ही उगाच दाखवीत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ इथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली. वाचायला निघालेली माणसे, त्यांत बाया आणि लेकरे, बुडाली. होडीत पेलवेल त्यापेक्षा जास्त माणसे बसली होती. त्यांना दोष कोण देईल? पाणी दारात आल्यावर 'मी मागून येतो' असे म्हणणे सोपे नसते. म्हणूनच मोजण्याचे काम बसणाऱ्याकडे नको, ज्याचे डोके थंड आहे अशा नेमलेल्या माणसाकडे हवे.

धक्का बांधून ठेवण्याची रीतही नीट समजून घ्यावी. दोरी आखूड आणि ताठ बांधली तर पाणी चढल्यावर ती धक्क्याची एक बाजू खाली खेचून धरते आणि धक्का कलंडतो. म्हणून भक्कम उभा खांब किंवा झाड बघून त्याभोवती लोखंडी कडी घालावी. पाणी वाढेल तशी कडी वर सरकली पाहिजे. खांबाची उंची जुन्या पुराच्या खुणेहून जास्त असावी. तशी सोय नसेल तर दोन लांब दोऱ्या ठेवाव्यात आणि त्या ढिल्या-घट्ट करायला दिवसरात्र पाळीने माणूस असावा. विजेच्या खांबाला धक्का कधीही बांधू नये.

जागा निवडताना एक नियम पाळा. धक्का साचलेल्या, संथ पाण्यातच ठेवायचा. पुढे कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचे पाणी फुगून मागे येते आणि गल्ल्यांत उभे राहते. असे पाणी या कामाला योग्य. नदीच्या धारेत धक्का टाकू नये. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, आणि तो रेटा आपल्या बोल्टला झेपणारा नाही. शिवाय वाहून येणारे ओंडके असतातच.

आणि हा धक्का आहे, होडी नव्हे. दोरी सोडून, बांबूने ढकलीत त्यावर पैलतीर गाठण्याची हौस कोणी करू नये. पोहता येणाऱ्या तरुणांनी तर मुळीच नको, कारण त्यांचे बघून न येणारे चढतात. धक्क्यावर उभ्या असणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट हवे. ते नसेल तर बूच घट्ट लावलेले पाच लिटरचे दोन रिकामे कॅन छातीशी काखेखाली बांधावेत. माणसाचे डोके पाण्यावर ठेवायला तेवढा आधार पुष्कळ होतो. पण ही सोय जॅकेट मिळेपर्यंतचीच समजावी.

आता माणसांच्या यादीविषयी. आपल्या पुष्कळ वस्त्या गावाच्या कडेला, सखल जागेत आहेत. त्या जागा आपण हौसेने निवडल्या नव्हत्या. तिथे पाणी आधी येते आणि होडी अनेकदा उशिरा येते. निदान आपल्या आत तरी असा पहिला-शेवटचा भेद होऊ नये. पावसाळ्यापूर्वी विहारात बसून घरटी यादी करावी. आजारी, अपंग, गरोदर बाया, लहान मुले आणि म्हातारी माणसे आधी, बाकीचे नंतर. यादीत मंडळाच्या अध्यक्षाचे घर वर नसावे आणि वर्गणी न देणाऱ्याचे घर खाली नसावे. या कामात बायांना घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाला दिवस गेले आहेत, हे त्यांनाच ठाऊक असते. आणखी एक. आपण मुलांना विहिरीत ढकलून पोहायला शिकवले, मुलींना काठावर धुणे घेऊन बसवले. पुराचे पाणी मुलगा-मुलगी बघत नाही. मुलींनाही पोहायला शिकवा.

काही जण विचारतील, हे सगळे आपणच करायचे तर सरकार कशासाठी? प्रश्न रास्त आहे. सातारा जिल्ह्यातल्या खिरखंडीच्या मुली शाळेसाठी कोयना धरणाच्या पाण्यातून स्वतः होडी वल्हवीत जात. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची आपणहून दखल घेतली. २०२३ मध्ये जायकवाडीच्या पाण्याकाठच्या भिवधानोऱ्याची मुले थर्माकोलच्या तराफ्यावरून शाळेला जातात, हे उजेडात आले. त्या मुलांची हिंमत मोठी, पण त्या हिंमतीचे कौतुक करून पूल बांधण्याची जबाबदारी टळत नाही. ड्रमचा धक्का हाही पुलाचे, उंच रस्त्याचे किंवा सुरक्षित पुनर्वसनाचे उत्तर नव्हे. होडी येईपर्यंतच्या काही तासांची ती सोय आहे. म्हणून धक्का बांधण्यापूर्वी ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. त्याच अर्जात होडी, जॅकेट आणि निवाऱ्याची मागणी करावी. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक घराघरांत भिंतीवर लिहून ठेवावा. पाणी इशाऱ्याच्या पातळीला आले आणि बाहेर पडण्याची सूचना मिळाली, तर पायी निघावे. कोरड्या रस्त्याने निघालेल्या माणसाला ना होडी लागते, ना धक्का.

मे महिन्यात दोन रविवार काढले तर हे काम होते. एखाद्या सुतारकाम जाणणाऱ्या भावाला मुख्य करावे. तयार धक्का शेततळ्यात किंवा संथ डोहात उतरवून आधी वाळूची पोती ठेवून बघावा. साठ किलोंचे एक पोते म्हणजे एक माणूस. पाच पोती एका कडेला ठेवून कड बुडत नाही याची खात्री करावी. पावसाळा सरला की दोऱ्या, बुचे, बोल्ट तपासून धक्का सावलीत ठेवावा, कारण उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते. पुढच्या वर्षी पट्टा पुसट झाला असेल तर नवा मारावा, आणि तो त्याच जागी मारावा.